अर्धशिशीची औषधं: केव्हा घ्यायची, किती घ्यायची, कुठे थांबायचं

अर्धशिशीच्या गोळीचा गुण तीन गोष्टींवर ठरतो: ती किती लवकर घेतली, पुरेशी घेतली का, आणि महिन्यातून किती दिवस घेतली. बहुतेक घरांत नेमकं उलट चालतं. आधी दोन-तीन तास दुखणं अंगावर काढायचं, मग एक छोटी गोळी, मग ‘हिचा काही उपयोग नाही’ म्हणून दुसरी, आणि काही महिन्यांनी रोज सकाळी चहाबरोबर गोळी. औषध वाईट नसतं, घेण्याची रीत चुकलेली असते.

पुढे दिलेल्या मात्रा इतर आजार नसलेल्या प्रौढांसाठी नेहमी वापरल्या जाणाऱ्या आहेत. यातली बहुतेक औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाहीत. मेडिकलवाल्याने ओळखीखातर दिली तरी नाही, कारण काहींना ती खरोखर धोक्याची ठरतात. तुमचा आकडा तुमच्या चिठ्ठीवरचाच.

आधी हे अर्धशिशीच आहे ना?

आपल्याकडे अर्धशिशीला ‘पित्ताचं डोकं’ म्हणण्याची सवय आहे. डोकं ठणकतं, मळमळतं, पित्त पडलं की बरं वाटतं, म्हणजे पित्तच, असा हिशेब. प्रत्यक्षात मळमळ आणि उलटी हा अर्धशिशीच्या झटक्याचाच भाग असतो. म्हणूनच सकाळी उपाशीपोटी पित्ताची गोळी वर्षानुवर्षं घेऊनही डोकं थांबत नाही. सायनस आणि चष्म्याचा नंबर यांच्यावरही असाच नाहक आळ येतो.

उपचाराविना ४ ते ७२ तास टिकणारं, ठणकणारं, जिना चढल्यावर वाढणारं दुखणं, सोबत मळमळ किंवा उजेड आणि आवाज नकोसा होणं, आणि असे झटके पुनःपुन्हा येणं, ही अर्धशिशीची ओळख. दुखणं एकाच बाजूला असलं पाहिजे असं नाही. काहींना डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढे नागमोडी चमकत्या रेषा दिसतात, हाताला किंवा ओठाला मुंग्या येतात. याला ऑरा म्हणतात आणि तो साधारण ५ ते ६० मिनिटं टिकतो. ऑरा होतो की नाही हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. त्यावर पुढचे काही निर्णय अवलंबून आहेत.

काही डोकेदुखींत मात्र गोळी शोधत बसायचं नाही, सरळ रुग्णालय गाठायचं: क्षणार्धात कळसाला पोचलेलं, आयुष्यात कधी झालं नव्हतं असं दुखणं, ताप आणि मान आखडणं, हातापायातली ताकद जाणं, बोलणं अडखळणं, डोक्याला मार लागल्यानंतरचं दुखणं, गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर नव्यानेच सुरू झालेलं दुखणं. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच डोकेदुखी सुरू झाली, तर ती अर्धशिशी आहे असं गृहीत धरू नका. काही दिवसांतच दाखवून घ्या.

पहिली पायरी: साधी वेदनाशामकं, पण पूर्ण मात्रेत

सौम्य ते मध्यम झटक्याला साधं वेदनाशामक पुरतं, फक्त ते पुरेसं घ्यावं लागतं. पॅरासिटामॉलची प्रौढांसाठीची मात्रा १००० मिलिग्रॅम आहे, म्हणजे ५०० च्या दोन गोळ्या. घराघरांत ६५० ची पट्टी असते. तिची एक गोळी अर्धशिशीला अनेकदा अपुरी पडते, आणि दोन घेतल्या तर १३०० होऊन एका वेळची मर्यादा ओलांडते. म्हणून अर्धशिशीसाठी ५०० च्या गोळ्या ठेवणं सोयीचं. दोन मात्रांत किमान ४ ते ६ तासांचं अंतर हवं आणि २४ तासांत ४ ग्रॅमच्या पुढे जायचं नाही. वजन ५० किलोपेक्षा कमी असेल, यकृताचा त्रास किंवा दारूची सवय असेल, तर मर्यादा बरीच खाली येते. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, ते या हिशेबात धरायला विसरू नका.

पॅरासिटामॉलपेक्षा दाह कमी करणारी औषधं अर्धशिशीवर सहसा अधिक गुण देतात: आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम, नॅप्रोक्सेन ५०० मिलिग्रॅम, डायक्लोफेनॅक पोटॅशियम ५० मिलिग्रॅम, किंवा पाण्यात विरघळवून ॲस्पिरिन ९०० मिलिग्रॅम. यातलं एकच निवडायचं, दोन एकत्र करायची नाहीत. नॅप्रोक्सेनचा असर जास्त वेळ टिकतो. त्यामुळे ज्यांचं दुखणं संध्याकाळी थांबून सकाळी परत येतं, त्यांना ते बरं पडतं. पोटात व्रण, मूत्रपिंडाचा आजार, हृदयविकार, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, किंवा ॲस्पिरिनने दमा उठत असेल, तर हा गटच टाळायचा. रक्तदाबाच्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांसोबत ही औषधं वारंवार घेतल्यास मूत्रपिंडावर ताण येतो.

आपल्याकडच्या पावसाळ्यात एक गोष्ट फार जपावी लागते. डोकेदुखीसोबत ताप असेल, तर डेंग्यू नाही हे कळेपर्यंत आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन काहीही घेऊ नका. डेंग्यूत प्लेटलेट कमी झालेल्या असतात आणि या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. तोवर फक्त पॅरासिटामॉल. सोळा वर्षांखालच्या मुलांना ॲस्पिरिन एरवीही द्यायचं नाही. मुलांच्या मात्रा वजनावर ठरतात, मोठ्यांची गोळी अर्धी करून देणं हा उपाय नव्हे.

गोळी पोटात गेली, पण पुढे सरकलीच नाही

झटका चढला की जठराची हालचाल मंदावते. गिळलेली गोळी तिथेच पडून राहते, आतड्यात पोचून रक्तात उतरायला तास-तास लावते. उशिरा घेतलेली गोळी निकामी वाटते त्याचं हे एक मोठं कारण. यासाठी वेदनाशामकाबरोबर डोमपेरिडोन १० मिलिग्रॅम देतात. त्याने मळमळ थांबते आणि पोटही हलतं. नॅप्रोक्सेन आणि डोमपेरिडोन एकत्र असलेल्या गोळ्या आपल्याकडे सर्रास लिहून दिल्या जातात, आणि ही जोडी समजून केलेली आहे. ज्यांना हृदयाच्या ठोक्यांचा त्रास आहे, किंवा क्लॅरिथ्रोमायसिनसारखं प्रतिजैविक वा बुरशीवरच्या काही गोळ्या चालू आहेत, त्यांनी डोमपेरिडोनआधी डॉक्टरांना विचारावं.

मेटोक्लोप्रामाइड १० मिलिग्रॅम हेही चांगलं काम करतं. पण तरुण माणसांत, विशेषतः मुलींत, कधीकधी मान वाकडी होणं, डोळे वर फिरणं, जबडा आखडणं असं काही तासांत सुरू होतं. बघणारे घाबरून जातात. औषध बंद करून रुग्णालयात एक इंजेक्शन दिलं की ते उतरतं. मात्र पुढे प्रत्येक डॉक्टरांना ‘हे मला चालत नाही’ असं सांगायचं.

ट्रिप्टान: अर्धशिशीसाठीच बनवलेली औषधं

साधी वेदनाशामकं पूर्ण मात्रेत, वेळेवर घेऊनही तीन झटक्यांत पुरली नाहीत, किंवा झटके पहिल्यापासूनच आडवं करणारे असतील, तर ट्रिप्टानचा विचार करायचा. या गटातलं पहिलं औषध सुमाट्रिप्टान १९९१ मध्ये बाजारात आलं. ही साधी वेदनाशामकं नव्हेत. ती सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाच्या ठरावीक ग्राहकांना (रिसेप्टरना) चिकटून डोक्यातल्या ताणलेल्या रक्तवाहिन्या आकसवतात आणि वेदना पसरवणारी रसायनं सुटू देत नाहीत. म्हणून पाठदुखीला त्यांचा उपयोग शून्य.

वापरात मुख्यतः सुमाट्रिप्टान ५० किंवा १०० मिलिग्रॅम, रिझाट्रिप्टान १० मिलिग्रॅम आणि झोल्मिट्रिप्टान २.५ मिलिग्रॅम. घेण्याची पद्धत अशी:

१. डोकं दुखायला लागल्याबरोबर, दुखणं सौम्य असतानाच घ्या. ऑरा चालू असताना नाही. ऑरा संपून दुखणं सुरू झालं की लगेच.

२. दोन तास थांबा. दुखणं गेलं किंवा अगदी थोडं उरलं, तर गोळी लागू पडली.

३. बरं वाटून काही तासांनी दुखणं परत आलं, तर दुसरी गोळी घेता येते, पहिलीनंतर किमान २ तासांनी. पहिलीने काहीच फरक पडला नसेल, तर त्याच झटक्यात दुसरी घेऊन सहसा हाती काही लागत नाही. तिथे वेदनाशामक घ्यावं.

४. २४ तासांत तोंडाने सुमाट्रिप्टान २०० मिलिग्रॅम, झोल्मिट्रिप्टान १० मिलिग्रॅमच्या पुढे नको. रिझाट्रिप्टान २० मिलिग्रॅमवर थांबवणं सुरक्षित. एकाच दिवशी दोन वेगळी ट्रिप्टान घ्यायची नाहीत.

झटके टाळण्यासाठी रोज घ्यायचं प्रोप्रॅनोलॉल चालू असेल तर रिझाट्रिप्टानची मात्रा निम्मी, म्हणजे ५ मिलिग्रॅम, कारण प्रोप्रॅनोलॉलमुळे रक्तातलं त्याचं प्रमाण वाढतं. दोन्ही औषधं अर्धशिशीचीच असल्यामुळे ही गाठ वारंवार पडते आणि दोन वेगवेगळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांत निसटून जाते.

तोंडात विरघळणारी रिझाट्रिप्टानची गोळी लवकर लागते असा समज आहे, तो खरा नाही. ती जिभेवर विरघळते, पण शोषली जाते आतड्यातूनच. तिचा फायदा एवढाच की पाणी लागत नाही, प्रवासात किंवा पाणीही नकोसं झालेलं असताना घेता येते. दमट हवेत ती लगेच भुसभुशीत होते, म्हणून पट्टीतून घेण्याच्या क्षणीच काढा. ज्यांना अर्ध्या तासात उलट्या सुरू होतात त्यांच्यासाठी नाकातला फवारा किंवा सुमाट्रिप्टानचं ६ मिलिग्रॅमचं कातडीखालचं इंजेक्शन हा खरा पर्याय. फवारा मारल्यावर जोरात नाक ओढू नका, औषध घशात उतरतं आणि कडवट चवीने मळमळ वाढते. कुठलीही गोळी उन्हात उभ्या गाडीत किंवा स्कूटरच्या डिकीत ठेवू नका.

ट्रिप्टान घेतल्यावर काहींना मान, घसा किंवा छाती जड वाटते, अंग गरम होतं, मुंग्या येतात. हे बहुधा थोड्या वेळात ओसरतं. पण छातीतली कळ हातात किंवा जबड्यात गेली, घाम फुटला, धाप लागली, तर वाट न बघता १०८ ला फोन करा. हृदयविकार, पक्षाघात, पायाच्या रक्तवाहिन्यांचा आजार किंवा ताब्यात नसलेला रक्तदाब असलेल्यांना ट्रिप्टान वर्ज्य आहे. चाळिशी ओलांडलेल्या, मधुमेह असलेल्या किंवा तंबाखू-सिगारेट घेणाऱ्या माणसाला पहिली गोळी देण्याआधी डॉक्टर रक्तदाब आणि ईसीजी बघतात. हा आग्रह तुम्हीही धरा. नैराश्यावरच्या गोळ्या चालू असतील तर नाव सांगा. बहुतेकांसोबत ट्रिप्टान चालतं, काही जुन्या गोळ्यांसोबत मात्र मुळीच नाही.

एक ट्रिप्टान लागू पडलं नाही म्हणून सगळा गट सोडून देणं ही मोठी चूक. एकच औषध तीन वेगवेगळ्या झटक्यांत, वेळेवर आणि पूर्ण मात्रेत घेऊन बघा. तरी गुण नाही, तर दुसरं ट्रिप्टान. तेही अपुरं पडलं तर ट्रिप्टानबरोबरच नॅप्रोक्सेन ५००. दुसऱ्या दिवशी परतणाऱ्या दुखण्यावर ही जोडी विशेष उपयोगी आहे.

अर्गोटामाइनच्या जुन्या गोळ्या

अर्गोटामाइन, कॅफीन, पॅरासिटामॉल आणि मळमळीवरचं प्रोक्लोरपेराझिन एकत्र असलेल्या गोळ्या आपल्याकडे अजून भरपूर खपतात. अनेकांना त्यांनी बरं वाटतं हे खरं, पण आमचं मत स्पष्ट आहे: आज याहून सुरक्षित औषधं असताना यांच्यापासून सुरुवात करायचं कारण नाही. अर्गोटामाइनने हातापायाच्या रक्तवाहिन्याही आकसतात, मळमळ वाढू शकते, आणि जास्त घेतल्यास बोटं थंड पडून निळसर होईपर्यंत मजल जाते. एरिथ्रोमायसिन किंवा क्लॅरिथ्रोमायसिनबरोबर तर हा धोका फारच वाढतो. गरोदरपणात पूर्ण बंदी. आणि अर्गोटामाइन व ट्रिप्टान एकमेकांच्या २४ तासांच्या आत घ्यायची नाहीत.

गोळ्यांचे दिवस मोजा

हा भाग सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात महत्त्वाचा. डोकेदुखीची औषधं जास्त दिवस घेतली की तीच डोकेदुखी निर्माण करू लागतात. मर्यादा अशी: ट्रिप्टान, अर्गोटामाइन, ट्रामाडॉलसारखी अफूवर्गीय औषधं आणि दोन-तीन वेदनाशामकांचं मिश्रण असलेल्या गोळ्या महिन्यातून १० किंवा जास्त दिवस; साधं पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन १५ किंवा जास्त दिवस. हे तीन महिन्यांहून अधिक चाललं की गोळीमुळे होणारी डोकेदुखी जडते. मोजायचे ते दिवस, गोळ्या नाहीत. एका दिवशी तीन घेतल्या तरी तो एकच दिवस. व्यवहारात आठवड्याला दोन दिवसांची लक्ष्मणरेषा आखून घ्यावी. चहा-कॉफीही याच हिशेबात येतात, कारण रोजच्या पाच-सहा कपांतला एक जरी चुकला तरी डोकं चढतं.

हे जडलेलं असेल तर ती गोळी थांबवावी लागते. ट्रिप्टान, अर्गोटामाइन आणि साधी वेदनाशामकं एकदम बंद करता येतात. अफूवर्गीय औषधं मात्र डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू. पहिले २ ते १० दिवस डोकं आधीपेक्षा जास्त दुखतं, मळमळतं, झोप उडते. बहुतेक जण याच दिवसांत हार मानतात आणि पुन्हा गोळी घेतात. म्हणून सुट्टीचे दिवस बघून, घरच्यांना आधी सांगून आणि रोजचं प्रतिबंधक औषध सोबत सुरू करून हे करायचं. फरक दिसायला आठवड्यांपासून दोन महिन्यांपर्यंत वेळ लागतो.

झटके येऊच नयेत म्हणून

महिन्यात चार किंवा अधिक दिवस कामधाम बंद पडत असेल, किंवा झटक्याची औषधं चालत नसतील, तर रोज घ्यायची औषधं हवीत. दुखत असताना जास्तीची घेऊन त्यांचा उपयोग नसतो. निवड माणूस बघून होते.

प्रोप्रॅनोलॉल २० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा अशी सुरुवात करून दिवसाला ८० ते १६० पर्यंत नेतात. रक्तदाब किंवा धडधड असणाऱ्यांना चांगलं, दमेकऱ्यांना वर्ज्य. इन्सुलिन घेणाऱ्यांत साखर उतरल्याची लक्षणं ते झाकून टाकतं. एकाएकी बंद करू नका. अमिट्रिप्टिलिन रात्री १० मिलिग्रॅमपासून, झोपण्याच्या तास-दोन तास आधी. झोप उडालेल्यांना दुहेरी फायदा, पण तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठता होते, वजन वाढतं. सकाळी सुस्ती राहिली तर गोळी आणखी लवकर घेऊन बघायची.

फ्लुनारिझिन ५ ते १० मिलिग्रॅम रात्री, हे आपल्याकडचं फार आवडतं औषध. गुणकारी आहे, पण भूक आणि वजन वाढवतं आणि मन उदास करू शकतं. नैराश्य येऊन गेलेल्यांना देऊ नये. वयस्कर माणसात हात थरथरणं, चाल मंदावणं असं कंपवातासारखं दिसू लागलं, तर आधी या गोळीवर संशय घ्या. जुनी चिठ्ठी दाखवून वर्षानुवर्षं घेत राहण्याचं हे औषध नाही. सहा महिन्यांच्या आसपास डॉक्टरांनी फेरविचार करायलाच हवा.

टोपिरामेट आठवड्याला २५ मिलिग्रॅमने चढवत चौथ्या आठवड्यात सकाळी ५० आणि रात्री ५० वर नेतात. घाईने चढवलं की शब्द सुचेनासे होतात, आणि परीक्षा देणारे विद्यार्थी किंवा शिकवणारी माणसं यानेच हैराण होतात. बोटांना मुंग्या येतात, वजन उतरतं, मुतखडा होऊ शकतो, म्हणून भरपूर पाणी. अचानक डोळा दुखून दिसणं धूसर झालं तर त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर गाठा.

मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांना व्हॅल्प्रोएट हे फिट्सवरचं औषध अर्धशिशीसाठी देऊच नये. टोपिरामेटही गर्भाला घातक आहे, खात्रीचं गर्भनिरोधन असेल तरच ते घ्यावं. गरोदरपणात झटक्यासाठी पॅरासिटामॉल पहिलं; आयबुप्रोफेन-नॅप्रोक्सेन गट २० आठवड्यांनंतर टाळायचा, त्याआधीही विचारूनच. ऑरा होणाऱ्या स्त्रियांनी इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या घेऊ नयेत, पक्षाघाताचा धोका वाढतो, आणि सिगारेटची सवय असेल तर आणखीच. पाळीच्या आगेमागेच डोकं दुखत असेल आणि पाळी नियमित असेल, तर दोन दिवस आधीपासून पाच-सहा दिवस नॅप्रोक्सेन दिवसातून दोनदा, असा छोटा प्रतिबंध डॉक्टर सुचवतात.

नव्या औषधांचा रोख सीजीआरपी या वेदनेच्या रेणूवर आहे. त्यावरच्या संशोधनासाठी लार्स एडविन्सन, पीटर गोड्सबी, मायकल मॉस्कोविट्झ आणि येस ओलेसन यांना २०२१ चं ब्रेन प्राइज मिळालं. एरेनुमॅबसारखी इंजेक्शनं महिन्यातून एकदा घ्यायची असतात. रिमेजेपँट ७५ मिलिग्रॅमची गोळी झटका थांबवते, आणि ती रक्तवाहिन्या आकसवत नाही. किंमत हाच मोठा अडसर. महिन्यात १५ किंवा जास्त दिवस डोकं दुखणाऱ्या जुनाट अर्धशिशीत बोटॉक्सही आहे: डोकं, मान, खांद्यावर ३१ ठिकाणी मिळून १५५ युनिट, दर १२ आठवड्यांनी.

रोजचं औषध पूर्ण मात्रेवर पोचल्यापासून किमान आठ आठवडे दिल्याशिवाय निकाल लावू नका. दुखण्याचे दिवस निम्म्यावर आले तर ते यश समजायचं. त्यासाठी कॅलेंडरवर रोज चार गोष्टी टिपा: दुखणं किती वाजता सुरू झालं, कोणती गोळी किती वाजता घेतली, दोन तासांनी काय स्थिती होती, आणि त्या दिवशी उपवास, जागरण, ऊन किंवा पाळी होती का. निर्जळी उपवास ज्यांना हमखास डोकं आणतो, त्यांनी तो सोडून फराळ आणि पाणी वेळेवर घ्यावं. उपाशीपोटी नॅप्रोक्सेन घेण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं. ही नोंद, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या आणि रक्तदाबाचे आकडे घेऊन डॉक्टरांकडे गेलात, तर पाच मिनिटांच्या भेटीतही योग्य औषध ठरू शकतं. सहा ते बारा महिने झटके आटोक्यात राहिले की मात्रा काही आठवड्यांत उतरवत बंद करून बघतात. झटके परत वाढले तर तेच औषध, पहिल्यासारखंच छोट्या मात्रेपासून चढवत, डॉक्टरांना विचारून पुन्हा सुरू करता येतं.